विलायतेचा पाव

जर्मनच्या लढाईवरून पासलीला परतल्यापासून आबांना इथलं काही गोड लागत नसे. त्या संध्याकाळीही लेकीनं, ठकूनं, वाढलेला भात चिवडत ते म्हणाले, "विलायतेत पाव असतोय. कापसावानी मऊ." ठकूनं नेहमीसारखी भातावर आमटी वाढली. पहाटे आबा गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ठकूच्या भावानं शेत न विकण्याचा शब्द दिला, म्हशीचाही दिला. शेवटी चुलत्यानं भोरहून पाव आणवून पिंडाशेजारी ठेवला. कावळा झाडावरच.

तेव्हा ठकू पुढं झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला उलटून बोलली, "आबा, विलायतेत मेलेल्याला कुनी जेवाय वाढत न्हाई. गुमान जेवा."

कावळा उतरला. पाव ओलांडून थेट भाताला शिवला.