खंडेनवमीचं यंत्र

"परदेशी मजूर हाकला" म्हणत निवडून आलेल्या आमदार मयेकरांनी खंडेनवमीला कार्यकर्त्यांसमोर कोयत्या-कुदळीबरोबर नारळाच्या बागेतल्या माणसासारख्या दिसणाऱ्या राखणदार यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं आणि ते वाकले.

"पाया नका पडू, साहेब," यंत्र म्हणालं.

आवाज धनबहादूरचा होता. मयेकरांच्याच कायद्याने घालवलेला हा जुना राखणदार आता नेपाळातल्या घरी बसून ते यंत्र चालवत होता. बंदी माणसाला होती, दुरून राबणाऱ्या त्याच्या हातांना नव्हती.

"तोंड बंद ठेव! माकडं नारळ पाडतायत, हाकल त्यांना," मयेकर खेकसले.

"पूजलेलं अवजार आज कामाला लावत नाहीत, तुम्हीच शिकवलंत," धनबहादूर म्हणाला. "आणि हाकलायचं तुम्हाला चांगलं जमतं. जा."

कपाळावरच्या कुंकवासकट यंत्र मांडी घालून खाली बसलं.