तिथं जाळी फाटतात

"सदाकाका, हे टिंब खोटं आहे." भाविकाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "बंदराच्या तोंडाशी रावस? तिथे मांजरसुद्धा माशाची वाट बघत नाही."

सदा ओशाळून हसला. "धर्माजीची पोर खरी तू! बरं, पूस ते. कोर्लईचा दिवा नि डोंगराचं नाक एका रेषेत येतं ना, तिथं लिव."

तिने आकडे बदलले. सॉफ्टवेअरने टिंब उचलून खोल पाण्यात ठेवलं आणि त्याच्याभोवतीचा रंग लगेच गडद झाला.

"आयला, जादूच हाय."

"जादू कसली? जिथे मासा जास्त, तिथे रंग गडद. मासा नाही तिथे पांढरं."

काशीदच्या खालच्या अंगाला असलेल्या या कोळीवाड्यासमोर कारखान्याच्या सांडपाण्याचा पाइप समुद्रात सोडायचं घाटत होतं. कारखान्याच्या अहवालात या पाण्याबद्दल एकच वाक्य होतं : 'मासेमारी नगण्य.' मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून भाविकाने ते वाचलं, रजा टाकली आणि मांडव्याची बोट पकडून घरी आली. सुनावणी तोंडावर होती. कोणता मासा कुठे मिळतो, ते समुद्राच्या नकाशावर टिंबाटिंबाने मांडायचं तिने ठरवलं होतं. आणि तेही असं, की कारखान्याच्या तज्ज्ञाला एकही टिंब हलवता येऊ नये. एक खोटं सापडलं की बाकीची खरीही खोटीच ठरणार.

अडचण वेगळीच होती. कोळीवाड्यात मासा कुठे मिळाला, हे विचारायची रीत नव्हती. कालचीच गोष्ट. धर्माजीने हातभर लांबीची घोळ मासळी आणली. भाविकाच्या आईने, आवडाबाईने, ती घाईघाईने ओल्या गोणपाटाखाली लोटली, तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या सखुबाईने विचारलंच, "कुठं गावली गो?"

"दर्यात," आवडाबाई मान वर न करता म्हणाली.

लहानपणापासून भाविकाने या प्रश्नाला दुसरं उत्तर ऐकलं नव्हतं. पण पाइपाची धास्ती रीतीहून मोठी निघाली. एकेक जण तिच्या ओट्यावर येऊन बसू लागला, डोंगर नि दिव्याच्या खुणा सांगू लागला आणि जाताना दुसऱ्याला टोला हाणू लागला.

"धर्माजी सांगल त्यातलं अर्धंच घे," सदा म्हणाला.

"सदा सांगल ते उलटं धर," धर्माजी घरातून ओरडला.

भाविका हसली, पण प्रत्येक टिंब तिने दोनदा विचारून घेतलं. हळूहळू पडद्यावरचा समुद्र काळवंडत गेला. मधोमध तेवढी तळहाताएवढी जागा पांढरी राहिली.

"बाबा, इथे काय?"

धर्माजीने चहाचा घोट घेतला. "तिथं कोण जात न्हाय. खडक हाय. जाळी फाटतात."

तिने सदाला विचारलं. "खडक हाय. जाळी फाटतात."

सखुबाईच्या घरच्या दोन होड्या. ती म्हणाली, "खडक गो बाय. जाळी फाटतात."

शब्दही तेच. शास्त्र शिकलेल्या माणसाला अशी जुळणारी उत्तरं फार आवडतात.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. रिकामी जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरता येत होती. भाविकाने सहज ती वापरून पाहिली. पांढऱ्याच्या जागी अख्ख्या नकाशातला सर्वांत गडद डाग उमटला.

"बाबा, गंमत बघा. याला वाटतं, सगळ्यात जास्त मासा तिथेच आहे."

धर्माजीचा कप ओठापाशीच थांबला. "येडं हाय तुझं यंत्र. पूस ते."

"पुसतेय. यंत्राला खडक काय कळणार?" ती म्हणाली. "अंदाज नकोच मला. माणसांनी सांगितलं तेवढंच ठेवायचं."

तिने ती सोय बंद केली. जागा पुन्हा पांढरी झाली. तिच्यावर तिने बारीक अक्षरात लिहिलं : 'खडक. जाळी फाटतात.'

सुनावणीला शाळेपुढचा मांडव भरून गेला. समोर मोठ्या पडद्यावर भाविकाचा नकाशा होता. कारखान्याचा तज्ज्ञ पुन्हा पुन्हा उठला. हे टिंब कशावरून? हा महिना कशावरून? भाविका शांतपणे टिंबावर बोट ठेवायची आणि होडी, मासा, महिना सांगायची. होडीवाला मांडवातून "व्हय, माझंच!" म्हणून हात वर करायचा. शेवटी तज्ज्ञाने कागद मिटले.

सुनावणीचे साहेब पडद्याकडे वळले. "इतका स्वच्छ नकाशा मी आजवर पाहिला नाही. 'नगण्य' हा शब्द अहवालातून काढा. पाइपाचं तोंड ठरलेल्या जागी येता कामा नये, अशी मी शिफारस करणार आहे."

मांडवात शिट्ट्या झाल्या. आवडाबाईने पदराने डोळे पुसले. सदाने धर्माजीच्या पाठीवर असा धपका मारला, की त्याची टोपी पडली.

साहेब खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. "तोंड इथे हलवता येईल," ते म्हणाले आणि त्यांनी पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे एकही टिंब नाही. खडक आहे, जाळी फाटतात, असं सगळ्यांनीच सांगितलेलं दिसतंय. म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. कुणाची काही हरकत?"

भाविकाने मांडवाकडे पाहिलं.

पहिल्या रांगेतून धर्माजी उठला. त्याच क्षणी त्याच्या शेजारून सदा उठला. बायकांमधून सखुबाई उठली. बघता बघता सगळा कोळीवाडा हात वर करून उभा राहिला, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहीना.