चाकाजवळच्या चपला

"केशोरावच्या हाताला दाद देणार नाही, असं भोक ब्रह्मदेवानं अजून पाडलं नाही!"

एवढं जाहीर करून केशोराव टाकीकडे वळला, तेव्हा त्याच्या सदऱ्याला पाठीवर पडलेलं भोक साऱ्या गोंदियाला दिसलं.

त्याच्या बायकोनं, जमुनाबाईनं, कपाळावर हात मारून घेतला असता. पण मुन्नालाल शेठ तिच्याकडेच बघत होता. टाकी त्याची, टाकीखालची मोटारव्हॅनही त्याचीच, एका गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना टाकून दिलेली. उद्या नागऱ्याला शिवरात्रीची जत्रा. यंदा प्यायचं पाणी मोटारीतून जाणार, असा डंका शेठनं महिनाभर पिटला होता. सकाळी टाकी भरली आणि घटकाभरात सगळं पाणी भातगिरणीच्या आवारात पसरलं.

"नागपूरसे कारीगर बुलाना पडेगा," शेठ म्हणाला. "परसों तक आयेगा."

"परवा येऊन काय जत्रेच्या उष्ट्या पत्रावळी उचलन?" जमुनाबाई म्हणाली.

तिला राग यायला कारण होतं. गेल्या साली केशोरावनं शेजारच्या शामकलाचा हंडा सांधून दिला होता. तो हंडा शामकलाच्या पोरीच्या लग्नात, नेमका व्याह्याच्या पायांवर फुटला. तेव्हापासून जमुनाबाई विहिरीवर आली की बाया आपापले हंडे उचलून बुडं बघत आणि फिदीफिदी हसत. आज त्यानं सांधूनही टाकी गळली असती, तर तिला पाण्यासाठी दुसरा मोहल्लाच शोधावा लागला असता.

केशोरावनं निखाऱ्यावर पळीत लाख वितळायला ठेवली.

"बाहेरून लाख लावते तो नवशिका," तो शेठला म्हणाला. "आतून लावा लागते. मंग पाणीच तिले दाबून धरते."

"और नही टिकी तो?"

"टिकनच. अन् काम जमलं का मी अनवाणी नागऱ्याले जाऊन महादेवाच्या पाया पडतो. बोललो म्हणजे बोललो."

"आत कसे जासान, काका?" भोजराज ड्रायव्हरनं टाकीवरचं तोंड दाखवत विचारलं. ते जेमतेम घागरीएवढं.

"माह्या बुढ्याची काळजी नोको करू," जमुनाबाई म्हणाली. "थो लोट्यातून बी आत जाते." मग नवऱ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "जेवण झालं का डोळा लावू नोका. थंडी जागा दिसली का लवंडता तुमी."

"मी कायले लवंडतो?"

सगळे जेवायला गेले. परत आले तेव्हा निखारे विझले होते, केशोरावचा जेवणाचा डबा धुऊन पालथा घातला होता आणि चाकाजवळ त्याच्या चपला शेजारी शेजारी, शहाण्यासारख्या ठेवलेल्या होत्या. केशोराव कुठेच नव्हता.

जमुनाबाईनं चपला पाहिल्या आणि तिची मान ताठ झाली.

"झालं काम! अनवाणी गेले नागऱ्याले."

"काम देखे बिना?"

"पाहाले तुमी आहा ना!"

भोजराजनं विहिरीवरच्या पंपाचा पाइप टाकीच्या तोंडात खुपसला आणि इंजिन सुरू केलं. फट् फट् फट्. सगळ्यांचे डोळे टाकीच्या बुडाला चिकटले. शेठ स्वतः टोपी सावरत व्हॅनखाली शिरला. थेंब नाही. शामकलानं सांध्यावरून बोट फिरवलं आणि कोरडं बोट सगळ्यांना उंच करून दाखवलं.

जत्रेला निघालेल्या ढोलकीवाल्यांनी तिथंच ताल धरला. टाकीतूनही ठोके येऊ लागले. "नवं पाणी घेतलं का पत्रा असाच बोलते," भोजराजनं जाणकारासारखं सांगितलं. पत्रा बोललाही जोरात. ढोलकीवाल्यानं खूश होऊन तोच ठेका उचलला.

"मान गये, भाभी!" म्हणत शेठनं व्हॅनच्या नाकाडावरचा झेंडूचा हार काढून जमुनाबाईच्या गळ्यात घातला.

शामकला जवळ सरकली. "बाई, माहा हंडा पुन्हा आणून देऊ काय?"

"पाहू," जमुनाबाई मालगुजारीणीच्या थाटात म्हणाली. "त्याईले सवड असली तं."

टाकी भरत आली. भोजराजनं इंजिन बंद केलं. ढोलकीवालाही दम खायला थांबला. त्या शांततेत पाइपाच्या बाजूनं, टाकीच्या तोंडातून, फार अदबीनं आवाज आला:

"भोजराज, थोडंसं पाणी कमी करतं काय, बाप्पा? मी उंचीनं जरा कमी पडून राहिलो."