पोलादी जाळी

जाळी खालून फाटली असती तर जाळीवाल्याने मांजराची गोष्ट खरी मानली असती. पण ही कापली होती कडीजवळ, हात जाईल एवढीच, आणि कापलेल्या तारा सगळ्या खोलीच्या आत वळलेल्या. म्हणजे गॅलरीत उभं राहून कुणीतरी जाळी कापली, हात आत घातला आणि कडी काढली. गॅलरी चौथ्या मजल्यावर. काचेचं दार केव्हाच फुटून गेलेलं. उरलं होतं ते हे जाळीचं सरकतं दार एवढंच. बाहेरून येणार तरी कोण?

"मांजर माजलंय हो," साहेब म्हणाले. माणूस मोठा गोड. आल्याआल्या पंखा लावला, पाणी दिलं. "जरा बाहेर ठेवलं की आत यायला बघतं."

"पाळलंय का?"

"पाळलंय म्हणजे काय! लाडावून ठेवलंय."

स्वयंपाकघराच्या दारात साहेबांची बायको उभी होती. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. ती आत गेली. घरात मांजराची वाटी नव्हती, की सोफ्यावर एक केस नव्हता.

आपल्याला काय करायचंय, असं स्वतःला बजावत जाळीवाल्याने दार रुळावरून उचललं आणि जमिनीवर आडवं घातलं.

"पोलादी टाका या वेळी," साहेब म्हणाले. "आणि सरकताना अडतं, तेही बघा. मला एका झटक्यात बंद व्हायला हवं."

त्याने खाचेतली, जाळी दाबून धरणारी जुनी रबराची दोरी उपसली. चाकांत गुंतलेला केसांचा गुंता काढला, बाईमाणसाचे लांब केस, आणि चाकांना तेल सोडलं. पोलादी जाळी ताणून बसवली. मन कुठे का असेना, हातांना वाईट काम करता येत नव्हतं. दार परत रुळावर चढलं तेव्हा लोण्यासारखं सरकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांचा राग आला.

साहेबांचा फोन वाजला. ते आतल्या खोलीत गेले, तशी ती केरसुणी घेऊन आली आणि तारांचे तुकडे गोळा करू लागली. वर न बघताच तिने विचारलं,

"दादा, ही कशाने कापते हो?"

पिशवीत वरच पत्रा कापायची कात्री होती. हातभर लांबसुद्धा नाही, डब्यामागे सहज लपली असती. आपली कुठेतरी हरवली म्हणता आलं असतं. त्याने पिशवीत हात घातला. बोटं मुठीवर बसलीसुद्धा.

आतलं बोलणं थांबलं. चपला वाजल्या.

जाळीवाला घाबरला. उगाच थोडासा नाही, चांगला तंतरला. हात रिकामाच बाहेर आला, आणि तोंडातून निघालं ते रोज गिऱ्हाइकाला सांगतो तेच, जरा मोठ्या आवाजात.

"कशानेच नाही, ताई. कात्री मोडेल, पण जाळी नाही. गॅरंटी आहे आपली."

साहेब दारात येऊन उभे होते. खूश दिसले.

"ऐकलंस ना?" ते बायकोला म्हणाले.