बेल वाजवू नका

शेजारच्या काकूंचं बोट बेलच्या बटणाला टेकणार, तेवढ्यात सुनेनं त्यांचं मनगट धरलं.

"बेल नको, काकू. वास येतोय ना? एक ठिणगी उडाली तर बाबा जातील आणि आपणही."

काकूंनी हात असा मागं ओढला, जसं काही बटणच चावलं. दाराच्या फटीतून गॅसचा वास जिन्यात उतरत होता आणि आत सासरे एकटे झोपले होते.

सुनेनं किल्ली पुन्हा फिरवून पाहिली. कुलूप उघडत होतं, दार हलत नव्हतं. आतून कडी. दुपारी कडी लावूनच झोपावं, चोरांची वेळ तीच, असं सासरे सांगत. दूध मंद आचेवर ठेवून पाठ टेकावी, साय जाड धरते. आज ते उतू जाऊन ज्योत विझली असणार. दमट हवेत खिडक्या बंद ठेवाव्यात, भिंतींना बुरशी लागत नाही. झोपताना कानातलं मशीन काढून ठेवावं, सेल वाचतो. गल्लीत कुणाचा नळ गळला, कुणाच्या शर्टावर डाग पडला, की लोक म्हाताऱ्याकडे धावायचे. एकेक सल्ला लाखमोलाचा. आज सगळे मिळून त्याच्याच छातीवर बसले होते. त्यात चार दिवसांच्या सर्दीनं नाकही चोंदलेलं. त्याला वास यायचा नाही, हाक ऐकू जायची नाही.

तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं. आत काही हललं नाही.

जिन्यात माणसं जमली. मदतीला हात एकाचा नाही, तोंडं सगळ्यांची.

"फटीतून पाणी ओता, वास मरतो."

"त्यांना फोन लावा की."

"बहिऱ्या माणसाला फोन लावू?" सून म्हणाली. "आणि तुमचे तेवढे खिशात ठेवा. सिगरेट कुणाच्या हातात असेल तर त्यानं आधी खाली जावं."

एक जण गुपचूप खाली गेला.

तळमजल्यावरचा सुतार पहार घेऊन वर आला. त्यानं दाराला कान लावला.

"वहिनी, आत फ्रिज घरघरतोय. तो कधी बंद-चालू होईल सांगता येत नाही. मीटरच्या खोलीत जाऊन तुमच्या घराचा मेन पाडा. तोवर मी चौकट उचकटतो."

ती दोन-दोन पायऱ्या टाकत खाली धावली. मीटरच्या खोलीत सगळे खटके सारखेच काळे. एकेका खटक्यावर बोट ठेवत ती आपल्या घराचा नंबर शोधू लागली. सापडला. तिनं खटका खाली ओढला आणि कपाळ भिंतीला टेकलं. आता फ्रिज नाही, दिवा नाही, ठिणगी नाही. एवढं एक तरी धड झालं.

परत वर चढताना ती पहिल्या मजल्यावरच थबकली.

पंखा.

पंखा थांबला की म्हातारा जागा होतो. वीज गेली की दर वेळी हेच. आधी घामानं चुळबुळ, मग "लाइट गेली वाटतं", मग पडदे ओढलेल्या अंधारात हात सरळ उशीखाली. उशीखाली काडेपेटी. टॉर्चचे सेल ऐन वेळी दगा देतात, हेही त्याचंच.

म्हणजे मेन पाडून तिनं त्याला उठवलं होतं. काडी ओढायला.

ती कशी वर पोहोचली, तिचं तिलाच कळलं नाही. "तोडा," ती सुताराला म्हणाली. "चौकट मरू दे. दार तोडा. बाबा काडी ओढतील."

सुतारानं तिच्याकडे एकदा पाहिलं, पहार फटीत घातली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. जिन्यातली माणसं एकमेकांना ढकलत खाली पळाली. सल्ले थांबले. काकू तेवढ्या राहिल्या, भिंतीला पाठ लावून, डोळे गच्च मिटून.

लाकूड करकरलं. कडी स्क्रूसकट उपटून आली.

सुतार नाक दाबून शेगडीकडे धावला, ती खोलीकडे. अंधारात आधी आवाज आला. खर्र. पुन्हा खर्र. सासरे पलंगाच्या कडेला बसले होते, डाव्या हातात पेटी, उजव्या हातात काडी. तिनं झडप घालून त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात आवळले. काड्या फरशीवर सांडल्या.

तिनं पडदा ओढला, खिडकी सताड उघडली. उजेड आला. खाली पडलेल्या काड्यांची डोकी मऊ पडून पेटीच्या बाजूवर तपकिरी चिखलासारखी फासली गेली होती.

"लाइट गेलीय," सासरे बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "आणि एक काडी धड पेटेल तर शपथ. सगळ्या सादळल्यात. पेटीत तांदळाचे चार दाणे टाकून ठेव म्हणून किती वेळा सांगितलं तुला? माझं एक ऐकशील तर."