दोन बोटं

बांधणं ही मुळात सोडण्याची कला आहे, असं दोरीवाला गंभीर चेहऱ्याने सांगत आला होता. मॅडमच्या शिवणखोलीत त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या.

"सोडायला वेळ किती लागतो?"

"बांधायला पाऊण तास. सोडायलाही तेवढाच."

"शोमध्ये मुलीला कपडे बदलायला मिनिटभर मिळतं," मास्तर म्हणाले आणि टाचण्या परत तोंडात ठेवल्या.

दोरीवाल्याचा धंदा माणसांना बांधण्याचा. जिवंत अंगाभोवती तागाची दोरी अशी फिरवायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा आणि बांधलेल्याचा अडकू नये. त्याच्या प्रयोगांना निम्मे लोक कला बघायला येत आणि निम्मे भलतंच काही. टाळ्या मात्र दोघेही एकाच वेळी वाजवत. मॅडम फॅशन डिझायनर, त्याहून वरच्या जगातल्या. त्यांच्या कपड्यांची चर्चा सगळीकडे होई, ते अंगावर घातलेलं कोणी दिसत नसे.

येत्या शोसाठी त्यांना दोरीचा एक पोशाख हवा होता. त्याने आणलेल्या नव्या दोऱ्या मॅडमनी नापास केल्या होत्या. या दोऱ्यांना काही आठवत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आज तो कपाटावरची जुनी पिशवी घेऊन आला होता. तिच्यातल्या तांबूस दोऱ्यांनी आयुष्यभर एकच अंग बांधलं होतं, त्याच्या बायकोचं. ती गेल्या हिवाळ्यात गेली. पिशवी एकट्याने उघडवेना, म्हणून मेव्हणी सोबत आली होती. हीच मेव्हणी बहिणीच्या हयातीत म्हणायची, अंगाला दोऱ्या गुंडाळून मिरवतेस, घरात कपडे वाळत घालायला एक धड दोरी नाही. त्यावर बायको हसून म्हणायची, बघशील, मोठ्या रॅम्पवर चालतील या दोऱ्या, तेव्हा पहिल्या रांगेत येऊन बस.

दोरीवाल्याने मॅडमना हो म्हटलं ते तेवढ्यासाठी. अट एकच घातली होती: दोरी कापायची नाही. शो झाला की तो स्वतः सोडून घरी नेणार.

त्याने शिवणखोलीतल्या पुतळ्याला बांधायला घेतलं. दोऱ्या आपसूक वळत गेल्या. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांना बाक पडले होते. प्रत्येक वेढ्याखाली तो दोन बोटं घालून बघत होता, फार आवळलं तर नाही ना. पाठीमागची गाठ मारून झाल्यावर त्याने हळूच विचारलं,

"मुंग्या येतायत का?"

शिवणयंत्र थांबलं. पुतळा काही बोलला नाही. दोरीवाला काही क्षण उत्तराची वाट बघत उभा राहिला, मग त्याच्या लक्षात आलं.

पुतळा बायकोपेक्षा बारीक होता. खांद्यावर बसायचा बाक खांद्याच्या दोन बोटं खाली, हवेतच उरला होता. मेव्हणीने तो बघितला आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

"भावजी, हा ताईचा खांदा आहे."

मॅडम आल्या. ती सैल जागा त्यांना फार आवडली. तिला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. मग मास्तरांशी हलक्या आवाजात बोलल्या आणि दोरीवाल्याजवळ येऊन, उंची कापडाशी बोलावं तशा मायेने त्याला समजावू लागल्या. पाठीवर उभं कापून चेन बसवावी लागेल. नाहीतर हा पोशाख शोमध्ये जाणार नाही.

"नका, भावजी," मेव्हणी म्हणाली. "सोडा आणि घरी चला."

"घरी कोण बघणार?" तो म्हणाला.

मास्तरांनी कात्री उचलली. दोरीवाल्याने त्यांना हातानेच थांबवलं. त्याच्या खिशात बोथट टोकाची एक कात्री कायम असे. बांधलेल्या माणसाच्या जिवावर बेतलं तरच ती बाहेर काढायची, हा या धंद्यातला नियम. इतक्या वर्षांत ती कधी बाहेर निघाली नव्हती. बायको तिला शोभेची कात्री म्हणायची.

त्याने ती काढली. दोरी आणि पुतळा यांच्यामध्ये डाव्या हाताची दोन बोटं सरकवली, पातं कातडीला लागू नये म्हणून.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "झालंच."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि या वेळी परत ठेवल्या नाहीत.

चेन अगदी बेमालूम बसली. शोच्या दिवशी मेव्हणी पहिल्या रांगेत बसली होती. तो पोशाख आला नाही. मॅडमनी तो ऐनवेळी गाळला होता: तांबूस रंगाचे आधीच दोन झाले होते.