पँटीचं कापड

मास्तरांनी ओला रुमाल सातव्या ताग्यावर खसाखसा घासला आणि उजेडात धरला. रुमाल मघाशीच निळा झाला होता. आता तो जास्त निळा झाला की तेवढाच राहिला, हे कळायला मार्ग नव्हता. तरी त्यांनी मान हलवली, पेपर तपासताना हलवतात तशी.

"हाही नापास?" दुकानदाराने विचारलं. डेनिमचे सहा तागे आधीच उलगडून पडले होते.

"थांबा हो. कापड कसं, पारखून घ्यावं." मास्तरांनी कापड मुठीत चुरगाळलं, आडवं ताणलं, उभं ताणलं आणि नाकाला लावून वास घेतला. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी तीन परीक्षा सांगितल्या होत्या. वास ही त्यांची स्वतःची भर होती.

एवढा खटाटोप चालला होता तो बायकोसाठी. तिने घरी, स्वतःच्या हाताने, त्यांना डेनिमची पँट शिवून दिली होती. ती घालून मास्तर वर्गात गेले, फळ्यावर नदी काढली, पडलेला खडू उचलायला वाकले आणि चाळीस मुलांच्या देखत पँट मागून टरकन फाटली. भूगोलाचा तास त्या दिवशी लवकर सुटला. घरी येऊन ते नको ते बोलून गेले. "शिंप्याकडे टाकली असती तर आज ही शोभा झाली नसती!"

तिने शिवणयंत्रावर चादर टाकली, चादरीवर फुलदाणी ठेवली आणि तेव्हापासून ती फक्त पंख्याशी बोलू लागली. "जेवण वाढलंय," ती छताकडे बघून पंख्याला सांगे. "दूध उतू जातंय, कुणीतरी गॅस बंद करावा." असे आठ दिवस झाले. यंत्राच्या खडखडाटाशिवाय घर मास्तरांना खायला उठलं होतं. शेवटी त्यांनीच मन मोठं केलं. झालं गेलं विसरून तिला माफ करायचं, चांगलं कापड नेऊन द्यायचं आणि म्हणायचं, 'घे, पुन्हा एकदा प्रयत्न कर.'

"शिवायचं काय आहे, ते तरी सांगाल का?" दुकानदार म्हणाला.

"पँट. ही बघा." मास्तरांनी पिशवीतून फाटकी पँट काढून त्याच्यापुढे टाकली. "काय ही शिवण!"

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. पँट उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं, दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"शिवण एक नंबर आहे," तो म्हणाला. "एक टाका हललेला नाही. फाटलंय ते शेजारचं कापड." त्याने ते चिमटीत धरलं. "हे शर्टाचं डेनिम आहे हो. पँटीला ह्याच्या दुप्पट जाड लागतं. असलं पातळ कापड पँटीसाठी नेलं कुणी?"

मास्तरांना सगळं आठवलं. बायकोने चिठ्ठी दिली होती, 'जाड, पँटीचं.' चिठ्ठी घरीच राहिली आणि हाताला मऊ लागलं ते पहिलंच कापड त्यांनी उचललं. "हे टिकेल का हो?" असं तिने विचारलंही होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "कापडातलं मला कळतं. तू शिव."

त्यांना दरदरून घाम फुटला. कपाळ, नाक, गाल, मान, सगळं त्यांनी रुमालाने खसाखसा पुसून काढलं.

"असेल कुणीतरी," ते म्हणाले.

दुकानदार खाली वाकला आणि त्याने एक जाडजूड, गडद निळा तागा वर काढला. "हे न्या. शिवायच्या आधी एकदा धुवायला सांगा. आटायचं ते आटेल, जायचा तो रंग जाईल." पुडकं हातात देताना तो मास्तरांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "सरळ घरीच जाणार ना?"

"सरळ घरी," मास्तर निर्धाराने म्हणाले. माफ करायचा बेत त्यांनी रद्द केला होता. आता माफी मागायची होती, आणि ती कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बसमध्ये ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. नवल म्हणजे सगळं जग आज त्यांच्याशी गोड वागत होतं. कंडक्टर हसला. एका मुलीने उठून जागा दिली. समोरच्या बाईच्या मांडीवरचं बाळ तर त्यांच्याकडे बघून टाळ्या पिटू लागलं. एरवी मान फिरवून जाणारे वरच्या मजल्यावरचे शेजारीसुद्धा जिन्यात थांबून दिलखुलास हसले. खरं बोलायचं ठरवलं की माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं, याबद्दल मास्तरांची खात्रीच पटली.

बायकोने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि झटकन तोंडावर हात ठेवला.

"चूक शिवणीची नव्हती," मास्तर उंबऱ्यावरूनच म्हणाले. "चूक कापडाची होती आणि कापड मी आणलं होतं. मला कापडातलं ओ की ठो कळत नाही. आठ दिवस त्या पंख्याचा हेवा करतोय गं मी."

तिचे खांदे हलू लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मास्तरांनाही गहिवरून आलं. आपल्या बोलण्यात एवढी ताकद असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"रडू नकोस," ते म्हणाले. "झालं ते झालं."

तिने डोळे पुसले आणि त्यांच्या हातातलं पुडकं घेऊन तसंच छातीशी धरलं. मग आठ दिवसांत पहिल्यांदा ती पंख्याला सोडून त्यांच्याशी बोलली.

"रंग सुरेख निवडलात हं."

"अगं, पण पुडकं अजून उघडलंस कुठे?"

तिने त्यांना खांद्यांना धरून वळवलं आणि कपाटाच्या आरशासमोर उभं केलं.